जॉन्सन, व्हिएतनाम आणि हळू आवाजात वाढवलेलं युद्ध

२८ जुलै १९६५, बुधवार. भर दुपारी साडेबाराच्या सुमारास अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन व्हाइट हाउसच्या ईस्ट रूममध्ये पत्रकारांसमोर आले. व्हिएतनाममधलं अमेरिकी सैन्य ७५ हजारांवरून १ लाख २५ हजारांवर नेतोय, पुढे आणखी लागेल आणि लागेल तसं पाठवू, असं त्यांनी जाहीर केलं. सक्तीच्या लष्करभरतीत महिन्याला १७ हजार तरुण घेतले जायचे, ते आता ३५ हजार होणार होते. राखीव दलांना तूर्त बोलावणार नाही, हेही सांगून झालं. मग त्याच पत्रकार परिषदेत सुप्रीम कोर्टावर एब फोर्टास यांना नेमत असल्याची बातमी दिली. एका पत्रकाराने विचारलं, याचा अर्थ धोरण बदललं असा घ्यायचा का? जॉन्सन म्हणाले, धोरणात कसलाही बदल नाही.

देश मोठ्या युद्धात उतरतो तेव्हा अध्यक्ष काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांसमोर उभे राहतात, निदान रात्री सगळे टीव्हीसमोर असताना देशाशी बोलतात. (अमेरिकेत काँग्रेस म्हणजे तिथली संसद, हे जाता जाता.) इथे तसं काही झालं नाही. लोक कामावर असतानाची वेळ, आणि बातमी न्यायमूर्तींच्या नेमणुकीला बांधलेली. हे सगळं ठरवून केलेलं होतं.

व्हिएतनाममध्ये अमेरिका एवढी कशी अडकली, याची दोन उत्तरं सहसा ऐकायला मिळतात. एक, जॉन्सन यांना युद्धाची खुमखुमी होती. दोन, सेनापतींनी आणि सल्लागारांनी त्यांना अंधारात ठेवलं. मला दोन्ही पटत नाहीत. कागदपत्रं आणि फोनच्या टेप्स आज सगळ्यांना खुल्या आहेत, आणि त्यातून दिसणारा माणूस वेगळाच आहे. हे युद्ध जिंकणं अवघड आहे हे त्याला पहिल्यापासून कळत होतं. तरीही तो आत शिरला, आणि किती खोल शिरतोय हे त्याने लोकांना सांगितलं नाही.

मागची गोष्ट भरभर उरकतो. १९५४ च्या मे महिन्यात दिएन बिएन फू इथे कम्युनिस्ट नेते हो चि मिन्ह यांच्या सैन्याने तिथे राज्य करणाऱ्या फ्रेंचांचा पराभव केला. त्यानंतरच्या जिनिव्हा करारात १७ व्या अक्षांशावर देशाचे तात्पुरते दोन भाग केले गेले, उत्तर हो चि मिन्ह यांच्याकडे राहिली. हा करार पाळला जातो की नाही हे पाहायला जो आंतरराष्ट्रीय आयोग नेमला, त्याचं अध्यक्षपद भारताकडे होतं. कॅनडा आणि पोलंड हे बाकीचे दोन सदस्य. १९५६ साली दोन्ही भागांत निवडणूक होऊन देश एक व्हायचा होता. ती निवडणूक झालीच नाही. दक्षिणेत अमेरिकेच्या पाठिंब्यावर न्गो दिन्ह झिएम यांचं सरकार होतं आणि त्याच्याविरुद्ध कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली गनिमी युद्ध पेटलं. या बंडखोरांनाच अमेरिकन लोक व्हिएतकाँग म्हणत. नोव्हेंबर १९६३ च्या सुरुवातीला लष्करी उठावात झिएम मारले गेले. उठावाला अमेरिकेची मूक संमती होती. त्यानंतर तीन आठवड्यांनी डॅलसमध्ये केनेडींची हत्या झाली आणि उपाध्यक्ष जॉन्सन यांनी विमानातच शपथ घेतली. तेव्हा दक्षिण व्हिएतनाममध्ये साधारण १६ हजार अमेरिकी लष्करी ‘सल्लागार’ होते. दक्षिणेचं सरकार जवळजवळ कोसळलेलंच होतं.

जॉन्सन हे टेक्सासच्या दुष्काळी पट्ट्यातून आलेले. कॉलेजात असताना कोटुला नावाच्या गावात त्यांनी गरीब मेक्सिकन-अमेरिकन मुलांना शिकवलं होतं. पुढे सिनेटमध्ये बहुमताचे नेते म्हणून त्यांची ख्याती होती ती माणसं वळवण्याची. त्यांचं सगळं चित्त होतं देशातल्या कायद्यांवर: कृष्णवर्णीयांचे नागरी हक्क, वृद्धांसाठी आरोग्य विमा, शाळांना मदत, गरिबीविरुद्धची मोहीम. या सगळ्याला त्यांनी ‘ग्रेट सोसायटी’ असं नाव दिलं होतं. परराष्ट्र धोरण ही त्यांच्या आवडीची गोष्ट नव्हती. हे इथे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय याच्याशी येऊन भिडतो.

त्यांना दोन भीती होत्या आणि त्या एकमेकींच्या उलट दिशेला ओढत होत्या. १९४९ मध्ये चीन कम्युनिस्टांच्या हातात गेला तेव्हा ‘चीन कुणी गमावला’ या प्रश्नावरून रिपब्लिकनांनी अध्यक्ष ट्रूमन यांच्या डेमोक्रॅटिक सरकारला झोडपून काढलं. त्यातूनच जिथे तिथे कम्युनिस्ट हुडकणाऱ्या सिनेटर जोसेफ मॅकार्थींचा धुमाकूळ माजला. जॉन्सन तेव्हा सिनेटमध्ये होते, सगळं समोर पाहत होते. व्हिएतनाम गेला तर आपली तीच गत होईल आणि मग एकही कायदा मंजूर होणार नाही, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. दुसरी भीती चीनच्या सैन्याची. १९५० मध्ये कोरियात अमेरिकी फौजा चीनच्या सीमेजवळ गेल्या आणि लाखो चिनी सैनिक अंगावर आले. ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनने अणुचाचणीही केली. म्हणजे व्हिएतनाममधून बाहेर पडायचं नाही, आणि उत्तरेवर पूर्ण ताकदीने चालूनही जायचं नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

२७ मे १९६४ च्या टेप्समध्ये हे अगदी जवळून ऐकू येतं. जॉन्सन आपले फोन ध्वनिमुद्रित करून ठेवत. त्या दिवशी ते आधी रिचर्ड रसेल यांच्याशी बोलले. रसेल म्हणजे जॉर्जियाचे सिनेटर, सिनेटच्या लष्करविषयक समितीचे अध्यक्ष आणि जॉन्सन यांचे जुने गुरू. रसेल म्हणाले, एवढा भयंकर गुंता मी आयुष्यात पाहिला नाही. बोलता बोलता जॉन्सन यांनी विचारलं, जो अध्यक्ष तिथून पळ काढेल त्याच्यावर महाभियोग चालवतील, नाही का? त्याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांच्याशी बोलताना त्यांनी आपल्या हाताखालच्या एका सार्जंटचा विषय काढला. त्याला सहा लहान मुलं. आज सकाळी त्याच्याकडे बघत होतो, यांना तिकडे पाठवायचं ते कशासाठी? माझ्या दृष्टीने व्हिएतनामची किंमत काय, लाओसची काय, या देशाला त्यांचा काय उपयोग? आणि मग ते वाक्य: हे लढण्याच्या लायकीचं आहे असं मला वाटत नाही, आणि यातून बाहेर पडता येईल असंही वाटत नाही.

ही टेप पहिल्या मोठ्या तुकड्या व्हिएतनाममध्ये उतरायच्या नऊ महिने आधीची आहे.

ऑगस्टमध्ये टोंकिनच्या आखाताचं प्रकरण झालं. २ ऑगस्ट १९६४ रोजी उत्तर व्हिएतनामच्या टॉर्पेडो बोटींनी ‘मॅडॉक्स’ या अमेरिकी विनाशिकेवर हल्ला केला. हा हल्ला खरा होता. त्याच सुमाराला त्या किनाऱ्यावर अमेरिकेने आखलेले दक्षिण व्हिएतनामी बोटींचे गुप्त छापे चालले होते, हे मात्र जनतेला सांगितलं गेलं नाही. ४ तारखेच्या रात्री ‘मॅडॉक्स’ आणि ‘टर्नर जॉय’ या दोन जहाजांकडून पुन्हा हल्ला झाल्याचे संदेश आले. काही तासांत तिथल्या कमांडरनेच कळवलं, की विचित्र हवामानामुळे रडारवर भलतंच दिसलेलं असू शकतं, पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या सोनार यंत्रावरचे लोक उतावीळ झाले होते, पुढे काही करायच्या आधी नीट तपासणी करा. तपासणीसाठी कुणी थांबलं नाही. जवळजवळ मध्यरात्री जॉन्सन टीव्हीवर आले आणि प्रत्युत्तरादाखल हवाई हल्ल्यांची घोषणा झाली. तो दुसरा हल्ला झालाच नव्हता. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेतल्या इतिहासकाराचा तसा निष्कर्ष सांगणारा अभ्यास २००५ मध्ये खुला झाला.

इथे एक कायद्याची बाब समजून घ्यायला हवी. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा, पण सेनादलांचे सरसेनापती अध्यक्ष. या दोन वाक्यांमध्ये जी फट आहे तिच्यातून हे सगळं युद्ध आत आलं. ७ ऑगस्टला काँग्रेसने टोंकिन ठराव मंजूर केला. हल्ले परतवायला आणि पुढचं आक्रमण रोखायला ‘सर्व आवश्यक उपाय’ करण्याची मोकळीक अध्यक्षांना मिळाली. कनिष्ठ सभागृहात ४१६ विरुद्ध शून्य. सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २, आणि ते दोन म्हणजे वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रूनिंग. दोघेही पुढची निवडणूक हरले, हे त्यांच्या वाट्याला आलेलं बक्षीस. ठराव आजीच्या झग्यासारखा आहे, सगळं झाकतो, असं जॉन्सन म्हणाले होते. युद्धाची घोषणा म्हणून काँग्रेसकडून मिळालेली गोष्ट एवढीच.

निवडणूक तोंडावर होती. समोर बॅरी गोल्डवॉटर होते, बॉम्ब टाकायला सदा तयार अशी प्रतिमा असलेले. जॉन्सन यांना शांततेचा उमेदवार व्हायला फार कष्ट पडले नाहीत. ऑक्टोबरमध्ये ओहायोतल्या अॅक्रन इथे त्यांनी सांगितलं, की आशियाई मुलांनी स्वतः करायचं काम करायला आम्ही अमेरिकन मुलांना नऊ-दहा हजार मैलांवर पाठवणार नाही. नोव्हेंबरमध्ये ६१ टक्के मतं घेऊन ते निवडून आले.

फेब्रुवारी १९६५ मध्ये प्लेइकू इथल्या अमेरिकी तळावर हल्ला झाला, आठ अमेरिकी मेले. मार्चपासून उत्तर व्हिएतनामवर सलग बॉम्बफेक सुरू झाली. मोहिमेचं नाव ‘रोलिंग थंडर’. कल्पना अशी, की दाब हळूहळू वाढवत न्यायचा म्हणजे कुठेतरी हनोई (उत्तरेची राजधानी) वाकेल आणि वाटाघाटीला येईल. चीनला डिवचायचं नव्हतं, म्हणून कुठल्या ठिकाणी बॉम्ब टाकायचे हे मंगळवारी दुपारी व्हाइट हाउसमध्ये जेवणाच्या टेबलावर अध्यक्ष आणि मोजके मंत्री ठरवत. त्या जेवणाला सुरुवातीची दोन-अडीच वर्षं लष्कराचा प्रतिनिधीही सहसा नसे. पण उत्तर व्हिएतनाम हा शेतीप्रधान देश. शस्त्रं येत होती चीन आणि सोव्हिएत रशियातून, बॉम्बच्या टप्प्याबाहेरून. हनोईचे लोक वीस-वीस वर्षं लढत आलेले. ते कुठे वाकणार हे कुणालाच माहीत नव्हतं.

विमानांना धावपट्टी लागते आणि धावपट्टीला राखण. म्हणून ८ मार्च १९६५ ला सुमारे साडेतीन हजार मरीन सैनिक दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले. त्यांच्या स्वागताला गळ्यात हार घालणाऱ्या मुली उभ्या होत्या. काम फक्त तळाची राखण. एप्रिलच्या सुरुवातीला हे काम बदलून त्यांना चढाईची परवानगी मिळाली. त्या आदेशातच लिहिलं होतं, की याचा गवगवा होऊ नये म्हणून सर्व खबरदारी घ्यावी आणि हा धोरणातला बदल वाटू नये अशी काळजी घ्यावी. बदल लपवण्याची सूचना बदलाच्याच कागदावर, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वात बोलकं वाक्य वाटतं.

विरोध करणारे नव्हते असं नाही. उपाध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री यांनी फेब्रुवारीतच टिपण लिहून सांगितलं, की एवढ्या मोठ्या विजयानंतर राजकीय किंमत न मोजता बाहेर पडायचं असेल तर हेच वर्ष आहे. बक्षीस काय मिळालं? व्हिएतनामवरच्या बैठकांना त्यांना बोलावणं बंद झालं.

आता जुलैचा तो आठवडा. दक्षिणेची राजधानी सायगावहून तिथल्या अमेरिकी फौजांचे प्रमुख जनरल वेस्टमोरलंड यांनी ४४ बटालियन मागितल्या होत्या. दक्षिणेचं सैन्य कोसळायला आलंय, अमेरिकी फौज आली नाही तर सगळं संपेल, असं त्यांचं म्हणणं. संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा सायगावला जाऊन आले आणि मागणी उचलून धरली. २१ जुलैच्या बैठकीत जॉन्सन यांनी विचारलं, या टिपणात लिहिलंय ते करू नये असं कुणाला वाटतं का? परराष्ट्र खात्याचे उपमंत्री जॉर्ज बॉल बोलले. हा प्रवास अतिशय धोक्याचा आहे आणि या परिस्थितीत आपण जिंकू याची मला शंका आहे, असं त्यांनी सांगितलं. जॉन्सन यांचा प्रश्न होता, तीन अध्यक्षांनी दिलेला शब्द मोडला तर सगळे देश अंकल सॅमला कागदी वाघ म्हणणार नाहीत का? बॉल म्हणाले, जगातली सर्वात बलाढ्य सत्ता गनिमांना हरवू शकत नाही हे दिसलं तर तो फटका जास्त मोठा असेल.

दुसऱ्या दिवशी सेनाधिकाऱ्यांशी बैठक होती. मरीन दलाचे प्रमुख जनरल वॉलेस ग्रीन यांनी सरळ आकडा सांगितला: पाच वर्षं आणि ५ लाख सैनिक. म्हणजे सहा दिवसांनी ईस्ट रूममध्ये १ लाख २५ हजारांचा आकडा वाचून दाखवताना, खरा हिशेब काय असू शकतो हे जॉन्सन यांच्या कानावर पडलेलं होतं.

२७ जुलैला त्यांनी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेपुढे पाच पर्याय ठेवले. पहिला, सगळं हवाई बळ वापरून शत्रूला गुडघ्यावर आणायचं. दुसरा, गाशा गुंडाळून घरी यायचं. तिसरा, आहे तसंच बसून मार खात राहायचं. चौथा, काँग्रेसकडे जायचं, मोठा निधी मागायचा, राखीव दलं बोलवायची, आणीबाणी जाहीर करायची. पाचवा, सेनापतींना लागतील तेवढी माणसं द्यायची, पण गाजावाजा न करता. साडीच्या दुकानात मुरलेला विक्रेता आधी डोळे पांढरे होतील अशा किमतीची साडी दाखवतो, मग एक अगदीच टाकाऊ काढतो, आणि शेवटी त्याला खपवायची ती अलगद उलगडतो. इथे विकणारा आणि घेणारा एकच माणूस होता, एवढाच फरक. पाचवा पर्याय ठरला.

चौथा का नाही? कॅलेंडर उघडून बघा. वृद्धांच्या आरोग्य विम्याचं मेडिकेअर विधेयक २७ जुलैला कनिष्ठ सभागृहात आणि २८ जुलैला, त्या पत्रकार परिषदेच्या दिवशीच, सिनेटमध्ये अंतिम मंजुरीला होतं. ३० तारखेला जॉन्सन मिसूरीला जाऊन वृद्ध ट्रूमन यांच्या शेजारी बसले आणि त्यावर सही केली. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीयांना मतदानाचा हक्क खऱ्या अर्थाने मिळवून देणाऱ्या कायद्यावर ६ ऑगस्टला सही झाली. अशा आठवड्यात ‘युद्ध आहे, कर वाढवा’ म्हणून काँग्रेससमोर उभं राहिलं असतं, तर तिथल्या परंपरावादी गटाला हवंच ते मिळालं असतं: युद्धाला पैसा घ्या आणि बाकीचं पुढे ढकला. हा हिशेब खोटा नव्हता. मेडिकेअर आजही चालू आहे, त्यावर कोट्यवधी वृद्ध औषधपाणी करतात. जॉन्सन यांना नुसतं लबाड ठरवून मोकळं होणाऱ्यांनी ही बाजू विसरू नये असं मला वाटतं.

पण लपवलेल्या युद्धाचा खर्च लपत नाही. १९६५ च्या डिसेंबरात अर्थतज्ज्ञ सल्लागार कर वाढवा म्हणून सांगत होते. जॉन्सन यांनी टाळलं. पुढच्या अर्थसंकल्पात तर युद्ध ३० जून १९६७ पर्यंत संपेल असं गृहीत धरलं गेलं. महागाई वाढू लागली. शेवटी ऑगस्ट १९६७ मध्ये त्यांनी प्राप्तिकरावर १० टक्के अधिभार मागितला. अर्थविषयक समितीचे अध्यक्ष विल्बर मिल्स यांनी आधी खर्च कापा म्हणून अडवून धरलं. जून १९६८ मध्ये अधिभार मंजूर झाला तो ६ अब्ज डॉलरची कपात मान्य करूनच. ज्या योजना वाचवायला मौन पाळलं, त्यांच्यावरच कात्री आली.

माणसांचंही तसंच. राखीव दलं बोलावली असती तर गावोगावचे नोकरदार, दुकानदार, बापमाणसं गेली असती आणि दुसऱ्याच दिवशी काँग्रेसमध्ये प्रश्न उठले असते. त्याऐवजी १८-२० वर्षांच्या पोरांच्या सक्तीच्या भरतीवर भार टाकला. कॉलेजात शिकणाऱ्यांना सवलत होती, त्यामुळे ओझं गरीब आणि कामगार घरांवर पडलं. १९६५ अखेर व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैन्य १ लाख ८४ हजार होतं, १९६६ अखेर ३ लाख ८५ हजार, १९६७ अखेर ४ लाख ८५ हजार. जनरल ग्रीन यांच्या आकड्याजवळ पोचायला अडीच वर्षंही लागली नाहीत. धोरणात बदल नाही म्हणणाऱ्या अध्यक्षांवर लोकांचा विश्वास उडत गेला. वर्तमानपत्रांनी त्याला नावही दिलं, विश्वासार्हतेतली दरी.

युद्धात आघाडीची रेषाच नव्हती. कुठलं गाव कुणाच्या ताब्यात हे सकाळी एक आणि रात्री दुसरं. मग प्रगती मोजायची कशी? मृतदेह मोजून. शत्रूची माणसं जितकी नव्याने येतात त्यापेक्षा जास्त मारली की आपण जिंकलो, असा वेस्टमोरलंड यांचा हिशेब होता. मॅकनमारा तर आकड्यांचेच माणूस, मोटार कंपनीतून आलेले. प्रत्येक पातळीवरचा अधिकारी आकडा फुगवून वर पाठवत होता, आणि मेलेला गनीम होता की शेतकरी हे विचारायला कुणाला सवड नव्हती. नोव्हेंबर १९६७ मध्ये मॅकनमारा यांनीच अध्यक्षांना लिहून कळवलं, की बॉम्बफेक थांबवा, सैन्य आणखी वाढवू नका. त्यांची रवानगी जागतिक बँकेवर झाली.

या काळाचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. १९६५ आणि ६६ ही भारतात लागोपाठ दोन दुष्काळी वर्षं. पीएल-४८० या अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखाली तिथून धान्य येत होतं. रेशनच्या रांगेतला तो गहू आणि ती लालसर मिलो ज्वारी आठवणारी पिढी महाराष्ट्रात अजून आहे. जॉन्सन यांनी वर्षावर्षाचे करार न करता थोडं थोडं धान्य, जवळजवळ जहाजं मोजून, सोडायला सुरुवात केली. भारताने शेतीकडे नीट लक्ष द्यावं हा त्यामागचा एक हेतू, आणि तो काही चुकीचा नव्हता. दुसरं कारण व्हिएतनाम. मार्च १९६६ मध्ये इंदिरा गांधी वॉशिंग्टनला जाऊन आल्या, छान स्वागत झालं. जुलैमध्ये त्या मॉस्कोला गेल्या आणि तिथल्या संयुक्त निवेदनात उत्तर व्हिएतनामवरची बॉम्बफेक थांबवण्याची मागणी झाली. जॉन्सन भडकले. दिल्लीतले अमेरिकी राजदूत चेस्टर बोल्स यांनी सांगितलेला किस्सा आहे. इंदिराबाई जे बोलल्या तेच पोप आणि संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट बोलले आहेत, असं त्यांनी वॉशिंग्टनला कळवलं. उत्तर आलं, पोप आणि ऊ थांट यांना आपला गहू लागत नाही.

३० जानेवारी १९६८ च्या मध्यरात्रीपासून, व्हिएतनामी नववर्षाच्या म्हणजे टेटच्या सणात, उत्तर व्हिएतनामचं सैन्य आणि व्हिएतकाँग यांनी एकाच वेळी शंभराहून जास्त शहरांवर आणि गावांवर हल्ला चढवला. सायगावच्या अमेरिकी वकिलातीच्या भिंतीला भगदाड पाडून १९ जणांची तुकडी आवारात घुसली. हुए शहर परत घ्यायला तीन आठवड्यांहून जास्त लागले. लष्करी हिशेबाने कम्युनिस्टांचं अतोनात नुकसान झालं, दक्षिणेतली जनता उठाव करेल ही त्यांची आशाही फोल ठरली. पण दोनच महिन्यांपूर्वी वेस्टमोरलंड वॉशिंग्टनमध्ये येऊन ‘शेवट दिसू लागलाय’ असं सांगून गेले होते. आता लोक टीव्हीवर वकिलातीच्या आवारातली प्रेतं बघत होते. खरं सांगून ठेवलं असतं तर टेटचा धक्का इतका बसला नसता, असं माझं मत आहे.

मग घटना पटापट घडल्या. लष्कराने आणखी २ लाख ६ हजार माणसं मागितली आणि १० मार्चला ही बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये फुटली. नवे संरक्षणमंत्री क्लार्क क्लिफर्ड यांनी पेंटॅगॉनमध्ये सेनापतींना साधे प्रश्न विचारले. एवढी माणसं पुरतील का? किती दिवस लागतील? जिंकण्याची योजना काय? धड उत्तर एकाचंही मिळालं नाही. १२ मार्चला पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी न्यू हॅम्पशरमध्ये झालेल्या प्राथमिक निवडणुकीत जॉन्सन यांच्याच पक्षातले युद्धविरोधी सिनेटर युजीन मॅकार्थी यांना ४२ टक्के मतं पडली. (हे मघाचे मॅकार्थी नव्हेत.) चार दिवसांनी हत्या झालेल्या केनेडींचे भाऊ रॉबर्ट केनेडी रिंगणात उतरले. महिन्याच्या शेवटी जॉन्सन यांनी ज्येष्ठ, अनुभवी सल्लागारांना पुन्हा बोलावलं. नोव्हेंबरमध्ये ‘चालू ठेवा’ म्हणणाऱ्या याच मंडळींपैकी बहुतेकांनी आता बाहेर पडायची वाट धरा म्हणून सांगितलं. ट्रूमन यांचे परराष्ट्रमंत्री डीन अॅचिसन त्यांच्यात होते. ‘चीन गमावला’ हा ठपका ज्यांच्या माथी मारला होता ते हेच.

३१ मार्च, रविवार, रात्री. या वेळी मात्र टीव्हीवर. उत्तर व्हिएतनामच्या मोठ्या भागावरची बॉम्बफेक थांबवत असल्याचं त्यांनी सांगितलं, वाटाघाटींचं आवाहन केलं, आणि शेवटी आधी वाटलेल्या भाषणाच्या प्रतीत नसलेला मजकूर वाचला: अध्यक्षपदाच्या आणखी एका मुदतीसाठी मी पक्षाची उमेदवारी मागणार नाही आणि दिली तरी स्वीकारणार नाही.

मे महिन्यात पॅरिसमध्ये बोलणी सुरू झाली आणि अडकून राहिली. ३१ ऑक्टोबरला, निवडणुकीच्या पाच दिवस आधी, जॉन्सन यांनी उत्तरेवरची बॉम्बफेक पूर्ण थांबवली. दोन दिवसांत दक्षिणेचे अध्यक्ष थिउ यांनी बोलण्यांना येणार नाही म्हणून सांगितलं. गुप्त पाळतीतून जॉन्सन यांना कळलं होतं, की रिपब्लिकन उमेदवार रिचर्ड निक्सन यांच्या गोटातल्या अॅना शेनॉल्ट या बाई सायगावला ‘थांबा, आम्ही आलो की जास्त चांगलं मिळेल’ असे निरोप पाठवत आहेत. रिपब्लिकन नेते डर्कसन यांना फोन करून जॉन्सन म्हणाले, हा देशद्रोह आहे. डर्कसन म्हणाले, मला माहीत आहे. तरी जॉन्सन जाहीरपणे काही बोलले नाहीत, कारण बोलायचं तर मित्रदेशाच्या वकिलातीवर ठेवलेली पाळत उघड झाली असती. जॉन्सन यांच्या पक्षाचे उमेदवार असलेले हम्फ्री एक टक्क्याहून कमी फरकाने हरले. या पाळतीचे कागद पाकिटात बंद करून जॉन्सन यांच्या ग्रंथालयाकडे सोपवले गेले आणि १९९४ मध्ये उघडले गेले.

जॉन्सन यांनी अध्यक्षपद सोडलं तेव्हा अमेरिकेचे ३६ हजारांहून जास्त सैनिक मेले होते. युद्ध संपेपर्यंत आकडा ५८ हजारांवर गेला. व्हिएतनामी माणसं किती गेली ते लाखांत मोजावं लागतं.

काँग्रेसने टोंकिन ठराव जानेवारी १९७१ मध्ये रद्द केला. नोव्हेंबर १९७३ मध्ये, निक्सन यांचा नकाराधिकार धुडकावून, युद्धाधिकारांचा कायदा केला. सैन्य लढाईत उतरवलं तर अध्यक्षांनी ४८ तासांत काँग्रेसला कळवायचं, आणि काँग्रेसने मान्यता दिली नाही तर ६० दिवसांत माघार घ्यायची. थोडक्यात, पाचवा पर्याय बंद करून अध्यक्षांना चौथ्याकडे ढकलायचं. कायदा आजही लागू आहे. पण २०११ मध्ये लिबियावर हल्ले चालू असताना ६० दिवस उलटले, तेव्हा ओबामा सरकारने सांगितलं की आमच्या मर्यादित सहभागाला या कायद्यातला ‘लढाई’ हा शब्दच लागू होत नाही. काँग्रेसला त्यावर काही करता आलं नाही.